पाटी ओळखणं वेगळं, पाटी वाचणं वेगळं

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मी बेस्टमध्ये ३१ वर्षं वाहक होतो. २०१४ साली वडाळा आगारातून निवृत्त झालो. राहायला काळाचौकीला. शिक्षणशास्त्र मी शिकलेलो नाही. पण गेली दोन वर्षं दुपारी साडेबारापासून आईबाप कामावरून परतेपर्यंत दोन मुलं माझ्यापाशी असतात. एक मुलाची मुलगी, इंग्रजी माध्यमात सीनिअर केजीला. दुसरा मुलीचा मुलगा, जवळच्याच मराठी शाळेत पहिलीला. जेवण, झोप, अभ्यास सगळं माझ्याकडे. दोघंही सध्या वाचायला लागण्याचा घाट चढताहेत आणि त्यांच्यामागून मीही चढतो आहे. या चढणीवर जे दिसलं ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः केजी-पहिलीच्या पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण यातलं काही गाळून मुद्दा सांगता येईना.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांतच नातीच्या दप्तरातून एक कागद आला. त्यावर इंग्रजी शब्दांचे चार उभे रकाने आणि वर सूचना की हे साइट वर्ड्स, म्हणजे नजर पडताच ओळखायचे शब्द आहेत, दर आठवड्याला दहा शब्द फ्लॅशकार्डं करून पाठ करून घ्यावेत, शुक्रवारी विचारले जातील. सुनेनं रात्री जागून घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या आणि स्केचपेननं कार्डं केली. द, ऑफ, वॉज, सेड, दे, हॅव, कम. कार्ड दाखवायचं आणि मुलीनं लगेच शब्द म्हणायचा. त्याचा अर्थ काय, तो कोणत्या वाक्यात येतो, त्यातल्या कोणत्या अक्षराचा कोणता आवाज, यातलं काहीच नाही. नात चुणचुणीत आहे. पहिल्या शुक्रवारी दहापैकी दहा, दुसऱ्या शुक्रवारीही दहापैकी दहा.

मग एका दुपारी शाळेतून येताना पावसानं दप्तर भिजलं, कार्डांवरची शाई पसरली आणि सुनेनं साध्या पांढऱ्या पुठ्ठ्याची नवी कार्डं केली. अक्षरं तीच, शब्द तेच. नातीला अर्धेअधिक ओळखता येईनात. मी ‘सेड’चं कार्ड समोर धरलं. तिनं ते उलटून मागे बघितलं आणि म्हणाली, “आजोबा, याच्यामागे गणपती नाहीये, मग हे सेड कसं?” जुनं ‘सेड’ पत्रिकेच्या पहिल्या पानातून कापलेलं होतं. जुन्या ‘वॉज’च्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता, म्हणून ते ‘वॉज’. पोरीनं दोन आठवडे डाग, कडा आणि गणपती पाठ केले होते. अक्षरांकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं, आणि ते जावं असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

तिचं ते वाक्य ऐकलं आणि मला शिवडीच्या एक मावशी आठवल्या. फुलं आणायला रोज पहाटे पहिल्या फेरीला दादरला निघायच्या. वाचता यायचं नाही, तरी बस कधी चुकली नाही. बसच्या कपाळावरच्या पाटीचा रंग, नावाची लांबी, अक्षरांचं वळण, सगळं त्यांच्या डोळ्यांत बसलेलं. एका पहाटे आगारातून नव्यानं रंगवलेल्या पाटीची गाडी निघाली. नाव तेच, रंगाऱ्याचा हात वेगळा. मावशी थांब्यावर उभ्या होत्या, गाडी समोर उभी राहिली, पण त्या चढेनात. मी दारातून हाक मारली तेव्हा वर आल्या आणि म्हणाल्या, “ही आपली नव्हं वाटली.”

त्या दिवशी फेरी संपल्यावर मी एका वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘दादर’ लिहून त्यांना दिलं. बोट ठेवून सांगितलं, हा द, दुधाचा द, दाराचा द. त्याला काना दिला की दा. पुन्हा तोच द आणि शेवटी र. त्यांनी कागद कमरेच्या पिशवीत ठेवला. पुढे महिन्याभरानं, गाडी सिग्नलला थांबलेली असताना, त्या खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, “ह्या दवाखान्यातला पयला न् आपल्या दादरातला पयला येकच की वो!” इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढे ‘दादर’ हे एक चित्र होतं. त्या दिवशी चित्रातून द सुटा झाला आणि दुसऱ्या शब्दात जाऊन बसला. पाटी ओळखणं आणि पाटी वाचणं यात काय अंतर असतं, ते मला त्या सिग्नलवर कळलं होतं. नातीच्या कार्डांच्या वेळी ते विसरायला नको होतं.

मी साइट वर्ड्सच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. माझी मुलगी डी.एड. झालेली आहे, नवी मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवते. तिनं मला या यादीचा इतिहास सांगितला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एडवर्ड डोल्च नावाचे प्राध्यापक होते. त्या काळी मुलांच्या शब्दांच्या ज्या याद्या उपलब्ध होत्या त्या ताडून त्यांनी १९३६ मध्ये २२० शब्द वेगळे काढले. लहान मुलांच्या इंग्रजी पुस्तकांतला निम्म्याहून अधिक मजकूर याच शब्दांनी भरलेला असतो. या २२० मध्ये नाम एकही नाही. नामांची ९५ शब्दांची यादी त्यांनी वेगळी केली. मला त्यातला फरक असा दिसतो. मांजर, चेंडू, झाड यांचं चित्र काढता येतं. ‘ऑफ’चं काय काढणार? पुढे एडवर्ड फ्राय यांनी अशीच यादी हजार शब्दांपर्यंत नेली. नातीच्या दप्तरातला कागद म्हणजे डोल्च यांच्याच यादीचा तुकडा.

असे शब्द झटकन ओळखता येणं किती गरजेचं आहे, ते मी माझ्या कामावरून सांगू शकतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी पेटीतलं प्रत्येक तिकीट नीट बघून, दर वाचून फाडत असे. त्यात इतका गुंतून जायचो की थांबा आला कधी, कोण चढलं, कुठल्या म्हातारीला उतरायचं होतं, याचा पत्ता नसायचा. वर्षभरात कोणत्या दराचं तिकीट कुठल्या कप्प्यात आहे ते बोटांना ठाऊक झालं आणि डोळे माणसांकडे वळले. वाचणाऱ्या मुलाचंही तसंच. ‘आणि’, ‘आहे’, ‘पण’ यांवर प्रत्येक वेळी अडखळावं लागलं तर गोष्टीतल्या सशाचं काय झालं इकडे बघायला त्याच्याजवळ काही उरत नाही. मात्र माझी बोटं तयार झाली ती रोज शेकडो तिकिटं खऱ्या प्रवाशांना खऱ्या थांब्यांसाठी देऊन. घरी रिकामी पेटी घेऊन बसलो असतो तर झाली नसती.

मुलगी म्हणाली, बाबा, यावर पुष्कळ संशोधन झालंय. अमेरिकेतल्या लिनिया एरी यांनी तर आयुष्यभर हेच काम केलं. त्यांच्या म्हणण्याचं सार मला समजलं ते असं. शब्द डोक्यात फोटोसारखा चिकटत नाही. मूल त्यातला एकेक आवाज ऐकतं, तो आवाज कोणत्या अक्षरानं लिहिलाय ते बघतं, दोन्हींची गाठ बांधतं आणि ती गाठ अर्थाला जोडतं. असं काही वेळा झालं की मग तो शब्द नजर पडताच ओळखीचा होतो. म्हणजे झटकन ओळखणं हा शेवटचा थांबा. आपण मुलांना तिथेच बसमध्ये चढवतो.

मग आम्ही कार्डं बाजूला ठेवली आणि पाटी-पेन्सिल घेतली. यादीतले बरेचसे शब्द सरळच आहेत. कॅन, इट, अप, बिग, रन, रेड, नॉट, टेन. यांचं पाठांतर कशाला? सी, ए, एन यांचे आवाज एकापुढे एक म्हटले की कॅन होतं. हे नातीनं चार दिवसांत स्वतः जुळवलं. उरले ते आडमुठे. त्यांतही सगळी अक्षरं आडमुठी नसतात. ‘सेड’मध्ये आवाज तीन, अक्षरं चार. पहिला एस आणि शेवटचा डी आपापला आवाज चोख देतात. अडचण फक्त मधल्या ए-आय जोडीची. तेवढ्या जोडीखाली तिनं लाल रेघ मारली. ‘वॉज’मध्ये डब्ल्यू सरळ, ए आणि एस वाकडे, तर त्या दोघांखाली लाल रेघ. पाठ करायचं ते रेघेवरचं, बाकीचं वाचायचं. डब्ल्यू-ए-एस आणि एस-ए-डब्ल्यू, म्हणजे ‘वॉज’ आणि ‘सॉ’, यांत तिचा हमखास घोळ व्हायचा, कारण चित्र म्हणून दोन्ही सारखीच. बोट डावीकडून उजवीकडे सरकवत पहिला आवाज तोंडानं काढायची सवय लागली आणि घोळ निवळला. आता दिवसाला दोनच शब्द घेतो आणि प्रत्येक शब्द निदान एका वाक्यात वाचतो. शाळेच्या वेगापेक्षा आम्ही मागे आहोत. परवाच्या शुक्रवारी दहापैकी सात आले. मला त्या सातांवर जास्त भरवसा आहे, कारण ते भिंतीवर लिहिले, पुस्तकात आले, वाफ धरलेल्या खिडकीवर बोटानं काढले तरी सातच राहतात.

आता नातवाचं. माझं खरं म्हणणं इथे आहे, कारण इंग्रजीच्या याद्या तयार करणारे पुष्कळ आहेत, मराठीचा विचार आपल्यालाच करावा लागेल.

नातू अगदी दुसऱ्या टोकाला. त्याला अक्षरं सगळी येतात. बाराखडी खडखडीत. क पासून ज्ञ पर्यंत कुठूनही विचारा. देवनागरीचं सुख मोठं आहे, जे लिहिलंय ते बहुतेक तसंच म्हणायचं, इंग्रजीसारखी फसवाफसवी नाही. त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त होतो. एके दिवशी मी चार ओळींची साधी गोष्ट लिहून त्याच्यापुढे ठेवली आणि पोरगा दुसऱ्याच शब्दावर थांबला. “मह… महणा… महणाला.” मग माझ्याकडे बघून, “महणाला म्हणजे काय, आजोबा?” जो शब्द तो दिवसातून पन्नास वेळा बोलतो, त्या प्रश्नातही ‘म्हणजे’ बोलून गेला, तोच लिहिलेला त्याला परका!

आपली जुनी रीत अशी की आधी मुळाक्षरं, मग काना-मात्रा-वेलांटी, मग बाराखडी आणि सगळ्यात शेवटी जोडाक्षरं. जोडाक्षर म्हणजे काहीतरी अवघड, मोठ्या मुलांचं, ‘विद्यार्थी’ आणि ‘स्वातंत्र्य’ यांसारख्या शब्दांतलं, असा आपला समज. मी नातवासाठी दोन वाक्यं लिहिली होती ती बघा. ‘आजी म्हणाली, तुझ्या डब्यात काय आहे? तो म्हणाला, माझ्या डब्यात पोळी आहे.’ शब्द बारा. यातला एकही शब्द पाच वर्षांच्या मुलाला नवा नाही. पण मोजा: म्हणाली, तुझ्या, डब्यात, म्हणाला, माझ्या, डब्यात. बारापैकी सहा शब्दांत जोडाक्षर. पूर्ण बाराखडी येणारं मूल आजीच्या एका साध्या प्रश्नात आणि त्याच्या उत्तरात सहा ठिकाणी अडतं.

हे का होतं, ते मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या कुणालाही आठवेल. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना आधी त्याचं सामान्यरूप होतं. डबा हा डब्यात जातो. पाणी पाण्यात, ओटा ओट्यावर, दिवा दिव्याखाली, चमचा चमच्याने. स्वयंपाकघरातल्या सोप्यात सोप्या शब्दांना आमची भाषा बोलता बोलता जोडाक्षर लावते. त्यात त्याला, त्याने, तिच्या, आम्ही, तुम्ही, म्हणून, पुन्हा, झाल्यावर, दुसऱ्या, सगळ्यांनी. यांच्याशिवाय मराठीत एक गोष्ट सांगून दाखवा. मग हे शब्द वर्षाच्या शेवटापर्यंत मुलांपासून लांब का ठेवायचे?

नातवाला मी ते माझ्या पद्धतीनं सांगितलं. गर्दीच्या वेळी एका सीटवर दोघं बसतात, तेव्हा पहिला थोडा आक्रसतो. ‘म्ह’मध्ये म आक्रसलाय, त्याच्या शेजारी ह बसलाय. ‘त्या’मध्ये त सरकलाय, य आलाय. एकदा टाळी वाजवून म्ह-णा-ला असं तीन टाळ्यांत म्हटलं आणि मग पाटीवर बोट ठेवलं. त्याच दुपारी आम्ही म्हैस, म्हातारी, म्हणून, आम्ही, तुम्ही शोधून काढले. दुसऱ्या दिवशी ‘त्या’चं कुटुंब, मग ‘झ्या’ आणि ‘च्या’. जोडाक्षरांचा सगळा तक्ता घेतला नाही. जी चार-पाच जोडाक्षरं बोलण्यात सारखी येतात तेवढीच, आणि तीही पूर्ण शब्दात. तीन आठवडे लागले.

मराठीची पाठ करायची यादी इंग्रजीसारखी निघणारच नाही, हे मला मुलीनं दाखवून दिलं आणि पटलं. इंग्रजीत ‘हाउस’ हा शब्द इन द हाउस, टू द हाउस कुठेही गेला तरी हाउसच. आपल्याकडे घर, घरी, घरात, घराला, घरातून, घरासाठी. कार्डं करायला बसलं तर एका घराचीच गड्डी होईल. म्हणून आपल्या मुलांना शब्दांइतकीच शेपटंही दाखवावी लागतात. त, ला, ने, चा, वर, साठी, पासून. नातवाला मी वर्तमानपत्रातल्या मोठ्या मथळ्यांत ‘ला’ लागलेले शब्द शोधून त्या ‘ला’भोवती गोल करायला सांगतो. मुंबईला, शाळेला, पावसाला. शेपूट ओळखीचं झालं की लांब शब्दाचा धसका जातो.

आणि सोपे शब्द तर किती तरी आहेत, काना-मात्रा नसलेले. पण, मग, तर, जर, वर, एक, बस. ‘बस’ माझा आवडता, अर्थातच. खाली बस, बसमध्ये बस, आणि पुरे झालं तरी बस. तोच शब्द तीन वाक्यांत वाचला की तिन्ही ठिकाणी अर्थ बदलताना मुलांचे डोळे कसे चमकतात ते बघण्यासारखं असतं.

देवनागरी सरळ आहे म्हणालो, तरी एक अपवाद लिहायलाच हवा. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे पुन्हा पुन्हा येणारे शब्द. झ एकच, पण दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा, उच्चार वेगळा. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला चही तसाच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचा कान हे आपोआप सांभाळतो. पण नातवाच्या वर्गात आज निम्मी मुलं घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी आहेत. त्यांतला एक रोज दुपारी आमच्याकडे येतो. अक्षरं नातवाइतकीच पक्की. त्यानं एकदा ‘तो का आला?’ हे वाक्य एकही चूक न करता वाचलं आणि अर्थ विचारल्यावर गप्प झाला. हिंदीत ‘तो’ म्हणजे आपला ‘तर’. हिंदीत ‘का’ म्हणजे आपला ‘चा’. त्या पोरानं दोन्ही शब्द ओळखले, पण ओळखले ते त्याच्या घरचे. ‘ही’ आणि ‘की’ यांचंही तेच. या मुलांसाठी हे बारीक बारीक शब्द डोळ्यांआधी कानात जायला हवेत, गोष्टींतून, गाण्यांतून, खेळातल्या हुकमांतून. वर्गात पहिल्या तीन महिन्यांत शिक्षकांनी रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचली तर त्यांचं किती काम सोपं होईल! त्याला वेगळा निधी लागत नाही.

इथे सरकारी धोरणाबद्दल थोडं. केंद्रानं ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावं, असं उद्दिष्ट. दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, असं त्यात आहे. उद्देश उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र घड्याळ लावून शब्द मोजताना ‘त्याच्याबरोबरसुद्धा’ हा मराठीत एक शब्द आहे आणि इंग्रजीत त्याचे तीन होतात, हे मोजणाऱ्यानं लक्षात ठेवावं. वेग वाढवायचा म्हणून उद्या मराठी शाळांतही फ्लॅशकार्डांचे गठ्ठे येऊ नयेत, ही माझी भीती आहे. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहेच, त्यामुळे ती कार्डं तिथे पोचायला वेळ लागणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर राज्यभर रान पेटलं आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. कोणत्या भाषा शिकवायच्या यावर आपण रस्त्यावर येतो. जी शिकवतो आहोत तिच्यातला ‘म्हणाला’ मुलाला वाचता येतो का, याची चौकशी तेवढ्याच जोरानं व्हायला हवी.

मला पाट्यांचं वेड आहे. मुलांना शाळेतून आणताना मी त्यांना दुकानांच्या पाट्या वाचायला लावतो. २०२२ मध्ये मराठी पाट्यांचा नियम कडक झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हापासून वाचायला पुष्कळ आहे. मेडिकल, डेअरी, लाँड्री, वडापाव, चष्मे. शाळेपासून घरापर्यंत नातू एकोणीस पाट्या वाचतो. सुरुवातीला मला वाटलं, रस्ताच शिकवेल. पण मग लक्षात आलं, पाट्यांवर सगळी नामं असतात. ‘आणि’ क्वचित, ‘पण’ जवळजवळ नाहीच, ‘म्हणाली’ तर कुठल्याच दुकानावर लिहिलेलं नाही. डोल्च यांनी नामं वेगळी काढली ती याचसाठी असावीत. नामं रस्ता शिकवतो. हे सांधणारे शब्द फक्त गोष्टीत भेटतात, कुणीतरी कुणाला काहीतरी सांगत असतं तिथे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

शाळांनी, मग माध्यम कोणतंही असो, शब्दांच्या याद्या घरी पाठवू नयेत असं मी म्हणत नाही. पाठवाव्यात, पण प्रत्येक पाच शब्दांबरोबर त्याच शब्दांची चार ओळींची गोष्ट पाठवावी आणि कोणत्या अक्षरावर लाल रेघ मारायची ते पालकांना एकदा बोलावून दाखवावं. माझ्या सुनेसारख्या आया रात्री जागून कार्डं कापतात. तेवढ्याच वेळात हे करता येईल.

शिक्षण विभागाला आणि बालभारतीला विनंती की लहान मुलांच्या गोष्टींत आणि रोजच्या बोलण्यात जे मराठी शब्द आणि प्रत्यय सर्वाधिक येतात, त्यांची यादी जोडाक्षरांसकट पालकांच्या हाती द्यावी आणि त्यातले पहिले पन्नास शब्द पहिलीच्या पहिल्या सत्रातच गोष्टींतून मुलांना भेटू द्यावेत. ‘म्हणाला’ला बाराखडी संपेपर्यंत दाराबाहेर उभं करू नये.

तिसरी मागणी आपल्याकडे. आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा, आतल्या कुठल्याही पानाच्या तळाशी, चार ओळींची एक गोष्ट मोठ्या टायपात छापावी. जाहिरातीच्या एका चौकोनाएवढी जागा. ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही, तिथेही वडे गुंडाळून का होईना, वर्तमानपत्राचा कागद येतो. मुलं तो वाचतील. मी स्वतः दर आठवड्याला तो चौकोन कापून आमच्या चाळीतल्या सहा मुलांना देईन, आणि कोणता शब्द अडला ते आपल्याला लिहून कळवीन. छापायचं ठरलं तर अक्षरं माझ्या करंगळीच्या पेराएवढी असू द्यावीत आणि गोष्टीत कुणीतरी कुणाला काहीतरी म्हणावं, एवढंच.

आपला नम्र,
एक निवृत्त बस वाहक,
काळाचौकी, मुंबई